वासरू मजेत आहे

माझा मेव्हणा चू युंगशेंग वारला त्याला बरीच वर्षं झाली, पण रोज सकाळी तो चहा मागतो. "अगं, चहा ठेवलास का?" असा आवाज आतल्या खोलीतून येतो आणि माझी ताई हातातलं काम टाकून त्याच्या पाटीसमोर कप ठेवायला धावते. चहा निवला की तीच पिते. जिवंत असताना हा माणूस कधी चहा मागत नसे, सरळ दारू मागायचा. पण पाटी बनवणाऱ्यांनी ती सवय काढून टाकली. राज्याला दारुडे पूर्वज चालत नाहीत.

पूर्वी पूर्वजांची पाटी म्हणजे नुसतं लाकूड असायचं. वर नाव, समोर धूप. मग महाएकोपा आला. आमच्या राज्याचं हेच नाव आहे, मी ठेवलेलं नाही. त्याने इथल्या आणि मंगळावरच्या प्रत्येक घराला बोलती पाटी फुकट दिली. मेलेल्या माणसाचे जुने फोन, त्याने धाडलेले निरोप, बाजारात आणि दवाखान्यात टिपलेलं त्याचं बोलणं, सगळं त्या लाकडात भरलेलं असतं. पाटी ऐकते, ओळखते, उत्तर देते, आणि ऐकलेलं सगळं पूर्वज कार्यालयाला कळवते. यात काही गुपित नाही, पाटीच्या पाठीवरच तसं कोरलेलं आहे. त्यावरून कोणाचं काही बिनसलं नाही. पूर्वजांपासून लपवायचंय काय, असं लोक म्हणाले, आणि पूर्वजांशी आधी जेवढं खोटं बोलत होते तेवढंच पुढेही बोलत राहिले.

आमची रीतच तशी आहे. थोरांना वाईट बातमी द्यायची नाही. मुलगा परमुलखात उपाशी असला तरी आईला कळवणार, वजन वाढलंय. आई इथे अंथरुणाला खिळलेली असली तरी मुलाला सांगणार, पाठ जरा धरते, बाकी ठणठणीत. जिवंत माणसांची ही गत, मग मेलेल्यांना तर किती जपायचं. वसंतात छिंगमिंगचा सण आला की थडगी झाडायची, पाटी पुसायची, तीन पेले दारू ठेवायची आणि वर्षभरातल्या चांगल्या चांगल्या गोष्टी सांगायच्या. वाईट सांगितलं तर त्यांना तिकडे झोप लागत नाही, असं माझी आईही म्हणायची.

महाएकोप्याने या सगळ्या चांगल्या गोष्टी गोळा केल्या, यंत्रात घातल्या, आणि दरवर्षी चौकातल्या मोठ्या पडद्यावर जाहीर करायला लागला की प्रजा सुखी आहे, गेल्या वर्षापेक्षाही सुखी. लोक टाळ्या वाजवायचे. घरी जाऊन पूर्वजांना सांगायचे की आज पडद्यावर आपलं सुख दाखवलं. मी दुकानाच्या दारात उभी राहून बघायचे आणि मला हसू फुटायचं. आता फुटत नाही.

माझं नूडल्सचं दुकान आहे, वेइ नदीच्या जुन्या पुलाखाली. नदीचं पाणी उत्तरेकडच्या यानतळाला गेलं, पूल राहिला. मी लग्न केलं नाही. ताईचा संसार बघूनच माझी हौस फिटली. मेव्हणा गेल्यावर तिच्याच घरात राहायला आले, कारण तिचा एकुलता एक मुलगा हेशान तोवर मंगळावरच्या बर्फाच्या खाणीत कामाला गेला होता आणि तिला एकटीला घर खायला उठायचं. बापाने त्याचं लहानपणी 'वासरू' नाव ठेवलं होतं, कारण पोरगं दिसेल त्याला डोक्याने ढुशी मारायचं. पाटीलाही ते नाव ठाऊक होतं. चहा झाला की तिचा दुसरा प्रश्न ठरलेला. "वासरू काय म्हणतंय?"

"मजेत आहे," ताई सांगायची. "त्याला मुकादम केलंय. गाल वर आलेत."

मुकादम कुठला आणि गाल कुठले. पण हेशानचे निरोप तसेच यायचे. सणासुदीला पडद्यावर त्याचा चेहरा यायचा, मागे लाल भिंत, आणि तो म्हणायचा, आई, मी मजेत आहे, भरपूर खातो, तू पाठीला जप. ताईही त्याला कळवायची की पाठ आता मुळीच दुखत नाही, परसातल्या पीचच्या झाडांना यंदा फांद्या मोडतील इतकी फळं लागलीत. नदी आटल्यावर ती झाडं तोडून मी चुलीत घातली होती.

यंदाच्या वसंतात, छिंगमिंगच्या थोडं आधी, दुपारच्या वेळी एक माणूस दुकानात आला. वयाने फार नसेल, पण खुर्चीवर बसायला त्याला टेबलाचा आधार लागला. त्याने आंबवलेल्या भाजीच्या पाण्यातले गार नूडल्स मागवले. दोन घास खाल्ले आणि काड्या खाली ठेवल्या.

"आवडलं नाही?" मी विचारलं. माझ्या दुकानात कोणी वाडगं अर्धवट टाकलं की मला ते लागतं.

"चव तीच आहे," तो म्हणाला. "तुम्ही हेशानच्या मावशी ना, मालकीणबाई? तो सांगायचा, मावशीचं व्हिनेगर आणि मावशीचं तोंड, दोन्ही डोळ्यांत पाणी आणतात."

"मेला सुधारला नाही अजून. आता काय सांगतो?"

"आता फारसा बोलत नाही. बोलायला हवा लागते."

त्याचं नाव पांग. हेशानच्या पाळीत, त्याच्याच शेजारच्या बाकावर झोपणारा. मग त्याने मला सगळं सांगितलं, मध्ये मध्ये थांबून, दम घेऊन. खाणीतली धूळ पिठासारखी बारीक असते आणि मुखवट्यांच्या जाळ्या वेळेवर बदलत नाहीत. पांगचं एका बाजूचं फुप्फुस गेलं होतं, हेशानचं दोन्हीकडचं. तरीही त्याला कामावर उभं करायचे. घरच्यांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला तरच आजारी माणसाला परतीच्या यानात जागा मिळते, आणि ते यान छिंगमिंगनंतर थोड्याच दिवसांत तिथून सुटणार होतं. त्यानंतरचं दोन वर्षांनी.

"तोवर राहील तो?" मी विचारलं.

पांगने वाडग्यात बघितलं. "नाही राहणार."

"आणि तू कसा सुटलास?"

"आईने कार्यालयात जाऊन गळा काढला. आमच्या घरात पाटी नाही. बाप फार आधी गेला, त्याचा आवाज कुठे टिपलेला सापडला नाही. त्यामुळे आई बोलली तेच खरं धरलं."

हे तो का सांगत होता ते मला तेव्हा कळलं नाही. मी भलताच प्रश्न विचारला. "इतकं झालं तर त्याने आम्हाला कळवलं का नाही?"

"आईला?" पांग माझ्याकडे बघतच राहिला. "मालकीणबाई, तुम्ही कुठल्या गावच्या?"

मी दुकान तसंच उघडं टाकून घरी गेले. ताई गव्हाच्या पिठाच्या वाफवलेल्या पक्ष्यांना काळ्या डाळीचे डोळे लावत बसली होती, सणासाठी. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने एक डोळा लावला, दुसरा लावला आणि म्हणाली, "तो पांग दुसऱ्या कोणाबद्दल बोलत असेल. परवाच तर निरोप आला. खातो म्हणाला."

"तू त्याला पीचबद्दल काय सांगितलंस?"

तिने पुढचा पक्षी हातात घेतला.

"तुझाच मुलगा आहे तो, ताई. तुझ्याकडूनच शिकला."

त्यावर तिने पक्षी खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि चप्पल शोधायला लागली. उठताना तिच्या मांडीवरचे डाळीचे दाणे जमिनीवर सांडले, पण तिने ते उचलले नाहीत, आणि तेव्हा मला कळलं की तिला पटलंय.

पूर्वज कार्यालयात लियाओ नावाची एक तरुण बाई होती. गोड बोलणारी. तिने आम्हाला गरम पाणी दिलं, बसवलं, ऐकून घेतलं. आजारी मुलांचे परतीचे अर्ज पूर्वज कार्यालयात कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. लियाओबाईने समजावलं की कुटुंबाची खरी परिस्थिती फक्त याच कार्यालयाला ठाऊक असते. मग तिने टेबलावरच्या यंत्राला हात लावला आणि त्यातून ताईचाच आवाज आला. "अहो, वासराला मुकादम केलंय. गाल वर आलेत. यंदा पीच इतके आलेत म्हणून सांगू." मग त्याच्या आदल्या वर्षीचा, त्याच्याही आदल्या. एकाहून एक आनंदी.

"काकू, आजारी मुलाबद्दल कोणती आई असं बोलेल?" लियाओबाईने विचारलं. विचारताना तिचा स्वर खरंच मायेचा होता.

"ते त्यांना बरं वाटावं म्हणून," ताई म्हणाली.

"म्हणजे खोटं?"

ताई खुर्चीत आकसली. आजवर तिला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. "अहो बाई, तुमच्या घरी नाही का सांगत? सगळं गाव सांगतं. सगळं राज्य सांगतं."

"सगळं राज्य पूर्वजांशी खोटं बोलतं, असं लिहून घेऊ का मावशी?" लियाओबाई हळूच म्हणाली. मी तोंड मिटलं.

मार्ग एकच होता. ताईने पाटीसमोर उभं राहून आधीचं सगळं खोटं होतं असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पाटी ते कार्यालयाला कळवेल, मग अर्जाचा विचार होईल. मात्र पूर्वजाला फसवणाऱ्या घरात पूर्वज ठेवत नाहीत. पाटी जप्त होते.

"यांना घेऊन जाणार?" ताईने विचारलं.

"नियम आहे, काकू. घाई नाही. घरी जाऊन विचार करा."

घाई नाही म्हणे. घरी येईपर्यंत मी बोलत होते, कारण मला राग आला की गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "ते लाकूड आहे, ताई. आत एक यंत्र आहे आणि त्या यंत्रात कान आहेत. मुलगा हाडामांसाचा आहे."

"तू त्यांच्याशी कधी नीट बोललीसच नाहीस, धाकटे."

"जिवंत होता तेव्हा बोलले तेवढं पुरे झालं."

"जिवंत असताना ते माझ्याशी बोलतच नव्हते," ताई म्हणाली. "आता बोलतात. रोज विचारतात, जेवलीस का."

खरंच होतं ते. तिच्या संसारातले सुखाचे दिवस नवरा गेल्यावर सुरू झाले होते, आणि ते एका लाकडाच्या फळीने दिले होते. ते मी तिला फेकून दे म्हणत होते.

छिंगमिंगच्या सकाळी तिने पाटी ओल्या फडक्याने पुसली, तीन पेले दारू ठेवली, पिठाचे पक्षी मांडले. चेहरा धुऊन, केस घट्ट बांधून उभी राहिली. मी दारात थांबले.

"अहो, ऐकताय का."

"बोल. वासरू काय म्हणतंय?"

"मी तुमच्याशी खोटं बोलले," ताई म्हणाली. "वासरू मुकादम नाही. कधीच नव्हतं. त्याच्या छातीत धूळ भरलीय. त्याला श्वास घेता येत नाही. त्याला चार पावलं चालवत नाही आणि तरी ते लोक त्याला खाणीत उतरवतात."

पाटीने काहीच आवाज केला नाही. एकदा तोंड उघडल्यावर ताईला थांबता येईना. नदी आटली, पीच तोडले, छप्पर गळतं, पाठ इतकी दुखते की सकाळी धाकटी मला उठवून बसवते, तुमच्या भावाने शेताचा तुकडा केव्हाच हडपला, तुमच्या थडग्याच्या बाजूने रस्ता गेला आणि दगड तिरका झालाय. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं ती ओतत गेली. मग संपलं आणि ती नुसती उभी राहिली.

मला वाटलं पाटी बिघडली. अशा बातम्या ऐकायची तिला सवय कुठे होती.

"मग इथे काय करतेस?" माझा मेव्हणा म्हणाला. आवाज करडा होता, जुना होता, दारू मागायचा तेव्हाचा. "जा, त्याला आण."

"तुम्हाला घेऊन जातील हो."

"मला काय होतंय. मी मेलोय."

उभ्या जन्मात, आणि मेल्यावरही, तो माणूस एवढं शहाणपणाचं कधी बोलला नव्हता. मी दारातच रडायला लागले. ताई रडली नाही. तिने तिन्ही पेले एकापाठोपाठ एक पाटीसमोर जमिनीवर ओतले, घरातल्या फरशीवर, आणि म्हणाली, "प्या आज हवी तेवढी."

दुपारी कार्यालयाचे दोघे जण आले. त्यांनी पाटी पिवळ्या कापडात गुंडाळली, वाकून नमस्कार केला आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने सवयीने चहाचा कप नेला, रिकाम्या फळीकडे बघितलं आणि तिथेच उभी राहून पिऊन टाकला.

लियाओबाईने आम्हाला पुन्हा बोलावलं. अर्ज पुढे गेला होता, आता फक्त मुलाचं म्हणणं हवं होतं. खुद्द आजारी माणसाने आपली तब्येत सांगायची. पण त्याला कोणी पढवू नये म्हणून हे कशासाठी चाललंय ते त्याला सांगायचं नाही, असा नियम. त्याला एवढंच कळणार होतं की तुझी आई कार्यालयात आलीय, तिच्याशी बोल. ताईने आधी बोलायचं. ते मंगळावर पोचणार, मग त्याचं उत्तर येणार. एकदाच.

"तब्येत विचारली तर चालेल?" मी विचारलं.

"विचारा की. प्रश्न चालतो. उत्तर सुचवायचं नाही."

मी ताईला बाजूला घेतलं. आदल्या दिवसापासून तिच्याकडून घोकूनच घेत होते. 'हेशान, तुला श्वास कसा लागतो, आईला खरं सांग.' एवढंच. दुसरं काही नाही. बसमध्ये तिने मला ते इतक्यांदा म्हणून दाखवलं की पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून विचारलं, नाटकात काम करता का.

ताईला यंत्रासमोर बसवलं. दिवा लागला. तिने बाह्या सारख्या केल्या, पाठ ताठ केली. पाठ ताठ करताना तिला काय होतं ते मला माहीत आहे. आणि हसली.

"बाळा, जेवलास का?" ती म्हणाली. "इकडे सगळे मजेत आहेत. माझी पाठ आता दुखत नाही. पीच फुललेत. बाबाही मजेत आहेत, रोज तुझी चौकशी करतात. आमची काळजी करू नकोस."

"ताई, श्वास," मी मागून म्हटलं. दिवा विझला होता.

मी लियाओबाईला म्हटलं, पुन्हा घ्या. ती म्हणाली, गेलं ते, मावशी. मी टेबलावर हात आपटला. पाणी सांडलं. मग ताईकडे वळले, आणि माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले, तिच्या मुलाचा जीव तिने एका 'जेवलास का'मध्ये घालवला असंही बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"तो आजारी आहे, धाकटे," शेवटी ती म्हणाली. "आजारी पोराला सांगू की तुझ्या बापाची पाटी नेली, तुझा बाप गेला? यंत्रासमोर बसले आणि मला तेच दिसलं, की तो एकटा आहे आणि मी त्याच्या छातीवर अजून एक दगड ठेवणार."

"बाप मागेच गेलाय, ताई."

"त्याला तसं वाटत नाही," ती म्हणाली.

उत्तर यायला एक जेवण होईल इतका वेळ लागला. आम्ही जेवलो नाही. लियाओबाईने फरशी पुसली आणि पुन्हा गरम पाणी आणून ठेवलं.

मग पडद्यावर हेशान आला. मागे तीच लाल भिंत. दाढी ताजी केलेली, अंगात नवं जाकीट, दुसऱ्या कोणाचं तरी, बाह्या हातांवर लोंबत होत्या. त्याच्या खांद्याच्या कडेला कोणाची तरी बोटं दिसत होती. मागून कोणीतरी त्याला धरून उभं केलं होतं.

"जेवलो, आई," तो म्हणाला. मग थांबला. ओठ मिटून नाकाने श्वास घेतला, आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. "आज मांसाचे डंपलिंग होते. दोनदा वाढून घेतले. मी मजेत आहे." पुन्हा थांबला. "वजन वाढलंय. मावशीला सांग, इथलं व्हिनेगर पाणचट आहे." आणि मग, हसत, "बाबांना सांग, वासराचा बैल झालाय."

त्याने वाकून नमस्कार केला. वर उठलेला दिसला नाही. चित्र आधीच थांबलं.

यंत्राने हिरवा दिवा लावला. कुटुंब सुखी. अर्ज नामंजूर.

"त्याची मान बघितलीत?" मी लियाओबाईला विचारलं. "ती बोटं बघितलीत?"

"यंत्र शब्द ऐकतं," ती म्हणाली. तिने डोळे वर केले नाहीत. जरा वेळाने, ताई बाहेर पडल्यावर, माझ्या जवळ येऊन म्हणाली, "माझी आई दर छिंगमिंगला आजोबांना सांगते की मला मुलगा झालाय. मला मूल होणार नाही, मावशी. नोंदीत मुलगा आहे. पुढच्या वर्षी त्याला शाळेत घालायची सूचना आलीय मला."

ती मला हे सांगून काय मागत होती कोण जाणे. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. मी माझी पिशवी उचलली आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचे तेच दोघे दारात आले, त्याच पिवळ्या कापडात पाटी घेऊन. मुलाच्या तोंडूनच सिद्ध झालं होतं की घरात सगळं उत्तम आहे. म्हणजे आईने पूर्वजाला सांगितलेल्या चांगल्या गोष्टी खऱ्याच होत्या, आणि तो छिंगमिंगचा कबुलीजबाब हीच काय ती चूक, वयोमानाने झालेली. ती पुसून टाकली होती. त्यांनी पाटी जागेवर ठेवली, झाल्या त्रासाबद्दल माफी मागितली, आणि दारावर लावायला 'सुखी कुटुंब' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली लाल पट्टी दिली.

"अगं, चहा ठेवलास का?" आतून आवाज आला.

ताईने चहा ठेवला.

"वासरू काय म्हणतंय?"

मी बघत होते. ताईने कपाची कड पुसली. "मजेत आहे," ती म्हणाली. "बैल झालाय म्हणतो."

"शाब्बास," पाटी म्हणाली.

यान हेशानशिवाय सुटलं. उन्हाळ्याच्या अखेरीस हेशान गेला. कळवलं कार्यालयानेच, आणि शोकाच्या शब्दांसोबत दुसरी पाटी पाठवली. नवं कोरं लाकूड, छान घासलेलं. ताईने ती बापाच्या शेजारी मांडली. धूप मी लावला.

"आई, जेवलीस का?" पाटी म्हणाली. हुबेहूब त्याचा आवाज, दम न लागणारा. "मी मजेत आहे. तू पाठीला जप."

त्याने आम्हाला जन्मभर दुसरं काही सांगितलंच नव्हतं. पाटीत घालायला त्यांना दुसरं काय मिळणार? खाणीत तो रात्री कसा खोकायचा, ते पांगला ठाऊक होतं, आणि पांगही पावसाळ्यात गेला. त्याच्या आईच्या घरी आता पाटी आहे.

आमच्या घरी आता ताईला खोटं बोलावं लागत नाही. बाप विचारतो, वासरू काय म्हणतंय, आणि शेजारून मुलगाच सांगतो, मजेत, बाबा. दिवसभर चालतं त्यांचं. ताई मध्ये बसून भाजी निवडते. कधी कधी मला तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं आणि मला तिचा भयंकर राग येतो.

परवा ती दवाखान्यात पाठ दाखवायला गेली होती. मी एकटी होते. दुकानातून आले तशीच, एप्रन न सोडता, फळीसमोर जाऊन उभी राहिले.

"चू युंगशेंग," मी म्हटलं. भावोजी वगैरे काही म्हटलं नाही. "तुझं पोरगं धुळीने गुदमरून मेलं. कोणी आणलं नाही त्याला. ऐकतोयस का?"

पाटी गप्प. तीच शांतता, तेवढीच लांब. मला कळलं आता काय येणार.

"मग इथे काय करताय?" तो म्हणाला. तोच करडा आवाज. "जा, त्याला आणा."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी शेजारची पाटी बोलली, हसत.

"बाबा, मावशीचं काय ऐकता. तिचं तोंड माहीत आहे ना? मी मजेत आहे."

"असं होय," माझा मेव्हणा म्हणाला. "मग ठीक आहे. चहा ठेवला का कोणी?"

मी आत जाऊन चहा ठेवला.